बूटकाका

गेल्या वर्षी शाळा उघडायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मागच्या बराकीतली एक बाई पोराला बखोटीला धरून आमच्या जिन्यात आली आणि म्हणाली, "इथं बूटकाका कुठं राहतात?" मी दुसऱ्या मजल्याकडं बोट केलं. दहा मिनिटांनी ती खाली उतरली तेव्हा तिच्या हातात एक डीव्हीडी होती आणि चेहरा बघण्यासारखा होता.

"दादा, मी ह्याच्यासाठी काळे बूट विचारले. तीन नंबर. ते म्हणाले, तीन फार जुनं झालं, बावीस घेऊन जा."

बाईचं काही चुकलं नव्हतं. आमच्या उल्हासनगर कॅम्प २ मध्ये कुणाच्या बाहेरच्या खोलीत काय विकत मिळेल, ह्याचा नेम नाही. एका दारात पापड लाटले जातात, पुढच्या दारात जीन्सला बटणं लागतात. तेव्हा दुसऱ्या मजल्यावर एखादे काका बूट विकत असतील असं वाटणं साहजिक आहे. पण आमचे काका विकत काहीच नाहीत. ते फुकट देतात आणि घेतल्याशिवाय सोडत नाहीत. बावीस म्हणजे लिनक्स मिंट ह्या ऑपरेटिंग सिस्टिमची बाविसावी आवृत्ती. कॉम्प्युटर चालू होण्याला 'बूट होणं' म्हणतात, बंद पडलेल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हवरून बूट करून उठवणं हा काकांचा धर्म आहे, आणि इमारतीतल्या पोरांनी धर्मावरून नाव पाडलं, बूटकाका. पुढं पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, नाव राहिलं.

काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. टूलरूममध्ये सारी नोकरी. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात चष्मा, टेस्टर आणि ब्रश. ब्रश दाढीचा, पण दाढीला कधी न लागलेला, तो मदरबोर्डसाठी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यात घराच्या किल्ल्या दोन आणि पेनड्राइव्ह चार. काकू म्हणतात, "घराची किल्ली विसरतील, पण ते सोंगट्यांसारखं लटकवलेलं विसरणार नाहीत."

बाकीचं जग भेटल्यावर 'जेवलात का' विचारतं. काका विचारतात, "कुठल्या व्हर्जनवर आहेस?" तुम्ही काहीही उत्तर दिलंत तरी ते एकदा मान हलवतात, डॉक्टर एक्स-रे बघताना हलवतो तशी, आणि म्हणतात, "आण वर. पाच मिनिटांचं काम आहे."

ह्या पाच मिनिटांबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण माझ्या आयुष्यातले निदान चाळीस दिवस त्यात गेले आहेत. पहिल्या मिनिटात काका मशीन चालू करून ऐकतात. बघत नाहीत, ऐकतात. पंखा, डिस्क, बीप. दुसऱ्या मिनिटात "हे कुणी भरलंय रे ह्याच्यात?" असा प्रश्न येतो आणि आधीच्या रिपेअरवाल्याचा उद्धार होतो. तिसऱ्या मिनिटात चहा. चौथं मिनिट सुरू होतं तेव्हा डेटाचा बॅकअप चालू असतो आणि पडद्यावर 'तीन तास शिल्लक' लिहिलेलं असतं. मग काकू पोहे करतात. मग लाइट जाते. पाचवं मिनिट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजाडतं.

माझं नेहरू चौकाजवळ छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रियेचे फलक, मंडळांची पावतीपुस्तकं. म्हणजे कॉम्प्युटर हा माझ्या पोटाचा प्रश्न, काकांच्या जिवाचा. ह्या दोहोंत केवढं अंतर आहे ते मला वीस वर्षांत रोज थोडं थोडं कळत गेलं.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे नेमकं काय, हे मला एमएस-सीआयटीच्या वर्गात कळलं नव्हतं. तिथं विंडोज म्हणजेच कॉम्प्युटर असं शिकवून झालं, परीक्षा झाली, सर्टिफिकेट लॅमिनेट झालं. काकांनी ते एका वाक्यात सांगितलं. "पाणी सोडणारा माणूस." आमच्याकडं पाणी ठरावीक वेळेला येतं, त्यामुळं हे वाक्य थेट काळजात घुसतं. टाकी म्हणजे मेमरी. फ्लॅट म्हणजे प्रोग्रॅम. कुणाला किती वेळ, किती दाबानं सोडायचं, एकानं मोटर लावून सगळं ओढलं तर त्याचा व्हॉल्व्ह कधी आवळायचा, हे ठरवणारा तो. "तो नीट असला ना, तर तुला त्याचं नावसुद्धा माहीत नसतं. नाव कळलं म्हणजे समजायचं, पाणी आलेलं नाही."

काकांना लिनक्सचं वेड लागलं ते पोस्टानं. उबुंटू ही सिस्टिम २००४ मध्ये निघाली आणि पुढं काही वर्षं तिची कंपनी मागेल त्याला जगभर सीड्या पाठवायची. पोस्टखर्चसुद्धा त्यांचाच. परदेशातून, फुकट, तेही उल्हासनगरात! ज्या गावाच्या मालावरचा 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद गावानं स्वतःच हसत हसत जगाला सांगितला, त्या गावातल्या माणसाला फुकट आणि अस्सल एकाच पाकिटात मिळालं. काकांनी पुन्हा पुन्हा मागवल्या. वाटून वाटून किती वाटणार? शेवटी संक्रांतीला काकूंच्या हळदीकुंकवात वाण म्हणून गेल्या. बायकांनी त्या घरी नेल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि दोऱ्यात ओवून गॅलरीत टांगल्या. नंतर बरेच दिवस कॅम्प २ मधली कबुतरं उबुंटूला घाबरत होती.

काका नाराज झाले नाहीत. "लागली ना उपयोगाला?" म्हणाले.

लिनक्सची कुळकथा ते पुराणिकबुवांच्या थाटात सांगतात. १९९१, हेलसिंकी, लिनस टॉरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्यानं लोकांना कळवलं की मी एक सिस्टिम करतोय, फक्त हौस म्हणून, फार मोठं काही नाही. इथं काका थांबतात आणि समोरच्याच्या खिशाकडं बोट करतात. "तुझ्या अँड्रॉइड फोनच्या पोटात काय आहे? तेच. आयुष्यभर म्हणशील लिनक्स नको, आणि झोपताना उशाशी घेऊन झोपशील." मग डेबियनची गोष्ट. इयन मरडॉक नावाच्या पोरानं १९९३ मध्ये ही सिस्टिम काढली आणि डेब्रा ह्या मैत्रिणीच्या नावातला 'डेब' आणि आपला 'इयन' जोडून तिचं नाव ठेवलं. पुढं दोघांचं लग्नही झालं. "म्हणजे बघ, बिनउखाण्याचं नाव घेणं." काकू आतून विचारतात, "आणि तुम्ही काय ठेवलंत माझ्या नावावर?" काका पटकन पासवर्डचा विषय काढतात. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचा पासवर्ड काय असणार. सांगत नाही.

गेली दोन वर्षं मात्र काकांच्या घरात सुतकाचं वातावरण होतं, आणि गंमत म्हणजे ज्याचं सुतक, तो त्यांचा जन्माचा वैरी. १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. विंडोज १० चा सपोर्ट संपण्याची तारीख. २९ जुलै २०१५ चा जन्म, म्हणजे वय वर्षं दहा आणि थोडे महिने. "पोर गेलं रे अगदी," काका म्हणायचे. सर्वपित्रीला त्यांनी काकूंना विचारलं म्हणे, एक पान विंडोजसाठी काढू या का? काकूंनी उलथणं दाखवलं.

सपोर्ट संपला म्हणजे काय, हे समजावत काका वही घेऊन दारोदार फिरले. जनगणनेची वही असते तशी वही. नाव, मशीन, प्रोसेसर, रॅम, 'काय करतात'. लोक दार किलकिलं करून विचारायचे, "काका, १४ तारखेला बंद पडणार का?" काका म्हणायचे, "बंद नाही पडणार. रात्रीचा गुरखा नोकरी सोडून गेला असं समज. घर तिथंच, कुलूपही तेच. पण नवा चोर नवी युक्ती घेऊन आला तर शिट्टी कोण मारणार?" मग कंपनीकडून कुलूप दुरुस्त करणारे तुकडे, ज्यांना पॅच म्हणतात, ते कसे येतात आणि आता कसे येणार नाहीत, हे ते कंपास काढून दाखवल्यासारखं समजावत. दहातली नऊ घरं म्हणायची, "आमच्याकडं चोरून नेण्यासारखं आहे काय?" काका वहीत त्या नावापुढं फुली मारायचे.

खरी लढाई झाली तळमजल्यावरच्या शेटजींशी. शेटजींचं कापडाचं दुकान आहे, आजोबा फाळणीनंतर कराचीहून आलेले, कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या छावणीत बराकीची खोली मिळालेली. त्या छावणीचंच पुढं, १९४९ मध्ये, उल्हासनगर झालं. दुकानातला कॉम्प्युटर धष्टपुष्ट. त्यावर टॅली चालतं, बिलं निघतात, दिवाळीला त्यालाही हळदकुंकू लागतं. काकांनी तो तपासला आणि म्हणाले, "शेटजी, ह्याच्यावर विंडोज ११ चढणार नाही. प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे. त्यांना आठवीपासून पुढचा लागतो. वर टीपीएम २.० नावाची चिप पण लागते, किल्ल्या जपून ठेवणारी."

शेटजी गादीवर सरसावून बसले. "काका, ह्या दुकानावर तिसरी पिढी बसलेली आहे. आजपर्यंत कुठल्या गिऱ्हाईकानं आठवी पिढी मागितली नाही."

"तेच तर!" काकांना आयतं माप मिळालं. "चालू मशीन फेकून द्यायला सांगतात. मालक कोण? तुम्ही का ते?" 'मालक कोण' हा काकांचा हुकमी एक्का. तो टाकला की ते आपोआप उभे राहतात. सेटअप करताना कंपनीच्या खात्यात नाव नोंदवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत, मालक कोण? पूर्वी एक छोटी आज्ञा टाइप करून ती अट टाळता यायची, तीही वाट त्यांनी काढून टाकायला घेतली, मालक कोण? २०२४ मध्ये 'रिकॉल' म्हणून एक सोय जाहीर केली, कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी तुमच्या पडद्याचा फोटो काढून ठेवणार आणि पुढं तुम्हाला आठवण करून देणार. लोकांनी बोंब मारली तेव्हा ती लांबवली आणि ज्याला हवी त्यानं चालू करावी अशी केली. मालक...

"एक मिनिट," शेटजी म्हणाले. "सगळं लक्षात ठेवतं? उधारी पण?"

काकांचा वेग मोडला. "ठेवत असेल."

"मग ते मला पाहिजे."

त्या दिवशी काका खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी शेवटचा उपाय सांगितला. लिनक्स टाकू, आणि टॅलीचं काय म्हणाल तर वाइन लावून बघू. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या जोडयंत्राचं नाव वाइन आहे, ह्यात काकांचा काही दोष नाही. पण लक्ष्मीपूजनाला आठवडा उरलेला, गल्ल्यासमोर गणपती, आणि काका भरदुकानात म्हणतात, वाइन लावल्याशिवाय टॅली चालणार नाही. मुनीमजींनी लेखणी खाली ठेवली. शेटजींनी हात जोडले. "साईं, दिवाळी होऊ द्या."

आता ह्यापुढचं मी पाहिलं ते काकांना माहीत नाही. १३ तारखेच्या रात्री मी दुकान बंद करून येत होतो, शेटजींचं शटर अर्धं खाली होतं आणि आत काका एकटेच त्या मशीनपुढं. कंपनीनं एक वर्षाची मुदतवाढ ठेवली होती. तीस डॉलर भरा, नाहीतर आपली सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर त्यांचे हजार पॉइंट द्या, मग ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळतील. युरोपात ग्राहक संघटनांनी ओरडा केल्यावर तिथली अट सैल झाली. कॅम्प २ मध्ये ग्राहक संघटना म्हणजे बूटकाका, त्यांचं कोण ऐकतो? तर काका तिथं बसून शेटजींच्या नावानं कंपनीचं खातं उघडत होते. ज्या खात्याला वीस वर्षं शिव्या घातल्या, तेच. दर बटणापाशी एक उसासा, आणि मग एका बोटानं, विंचवाला हात लावावा तसं, क्लिक. शेवटी बाहेर आले तेव्हा मला बघून दचकले. "टॅली आहे रे त्याचं," एवढंच म्हणाले. "पाच मिनिटांचं काम होतं."

ह्या माणसाला घरात कुणी वाद घालायला नाही म्हणून तो रविवारी अंबरनाथला जातो. तिथं त्यांच्या टूलरूमचे एक जुने सोबती राहतात आणि बदलापूरहून तिसरे येतात. शिवमंदिराच्या आवारात सावलीला बसून तिघं भांडतात. अंबरनाथकर डेबियनवाले: शांत, जुनं ते चांगलं, दोन वर्षांतून एकदा बदल, तोही उपास सोडल्यासारखा. आमचे काका मिंटवाले: लोकांना सोपं पडावं हे ब्रीद. बदलापूरकरांचं मात्र काही ठरत नाही. दर महिन्याला नवी सिस्टिम. शिवाजी महाराजांच्या वेळी तिथं घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, अशी कथा सांगतात. काका म्हणतात, "घोडे गेले, सवय राहिली."

एका रविवारी मीही गेलो होतो. वाद होता वेलँडचा. पडद्यावर खिडक्या रंगवण्याचं काम लिनक्समध्ये एक्स ११ करतं, ते १९८७ पासूनचं. त्याच्या जागी यायला वेलँड २००८ पासून उंबऱ्यावर उभं आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात उबुंटूनं आपल्या मुख्य आवृत्तीतून जुन्याचं आसनच उचललं. आता डेबियनवाले शांत, कारण त्यांच्याकडं नवं हळूच येऊन बसलंही होतं, मिंटवाले अस्वस्थ, कारण त्यांचं घर अजून जुन्यावर, आणि बदलापूरकर म्हणाले, "मी कालच बदललं. स्क्रीन शेअर होत नाही, बाकी झकास."

काकांना मी विचारलं, दोन्हींत फरक काय? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते इतर कुठल्याही गावात सुचलं नसतं. "आम्ही लहानपणी बराकीत राहायचो. लांबच्या लांब एक इमारत, मधे पडद्या उभ्या केलेल्या, छपरापर्यंत न पोचलेल्या. पहिल्या खोलीत मिरचीची फोडणी पडली की शेवटच्या खोलीत ठसका. कुणाच्या घरी कुठलं पत्र आलं, कोण कुणावर चिडलंय, सगळं सगळ्यांना ऐकू. एक्स तसा आहे. एका खिडकीत तू पासवर्ड टाइप केलास तर शेजारच्या प्रोग्रॅमला कान देऊन ऐकता येतो. वेलँड म्हणजे फ्लॅट. दार बंद. माझं मला, तुझं तुला."

"मग फ्लॅट बरा की."

"बरा आहे. सुरक्षित आहे." काका जरा वेळ देवळाच्या शिखराकडं बघत राहिले. "पण साखर मागायला आता बेल वाजवावी लागते. परवानगीची चौकट येते. स्क्रीन दाखवू का? हो. दाखवू का? अरे, हो म्हटलं ना!"

त्याच दिवशी रस्टचा बॉम्ब पडला. लिनक्सचा गाभा सी ह्या भाषेत लिहिलेला. त्यात रस्ट नावाची नवी भाषा घ्यायची की नाही, ह्यावरून जुन्या आणि नव्या कारागिरांत बरीच वर्षं धुसफूस चालू होती. २०२२ च्या डिसेंबरातल्या ६.१ आवृत्तीत ती प्रयोग म्हणून शिरली आणि २०२५ च्या डिसेंबरात टोकियोत गाभ्याचे राखणदार जमले तेव्हा 'प्रयोग' हा शिक्का निघाला. बदलापूरकरांनी ही बातमी फोनवर वाचून दाखवली, आणि टूलरूममधून निवृत्त झालेले दोन म्हातारे एकदमच उभे राहिले.

"रस्ट? म्हणजे गंज?"

"नाव आहे हो ते."

"नाव कसलं! जन्मभर ज्याच्यावर ग्रीस थापलं, तेल मारलं, कागदात गुंडाळून ठेवलं, तो गंज हे लोक हौसेनं आत घालतायत?" अंबरनाथकर, जे वर्षातून एकदा मोठ्यानं बोलतात, ते बोलले, "आमच्या फोरमननं चार्जशीट दिली असती."

बदलापूरकरांनी बिचाऱ्यांनी बाजू मांडली. सी मध्ये मेमरीची चूक केली तर ती चालू मशीनमध्ये कधीतरी फुटते, चोर तिथूनच शिरतात. रस्टमध्ये त्यातल्या बहुतेक चुका प्रोग्रॅम बांधतानाच पकडल्या जातात, बांधूच देत नाही. काकांनी डोळे बारीक केले. "म्हणजे गो, नो-गो गेज?" टूलरूममध्ये तसं एक माप असतं, एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तुकडा त्यात बसला नाही तर पुढं असेंब्लीला जातच नाही, मग कामगार कितीही जुना असो. "तसंच समज," बदलापूरकर म्हणाले. काका खाली बसले. पाच मिनिटं (खरी) कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "मग नाव गेजच ठेवायचं होतं. उगाच म्हाताऱ्यांना घाबरवतात."

परतीच्या गाडीत मी त्यांना माझं दुखणं सांगितलं. माझ्या दुकानात कोपऱ्यात एक मशीन आहे, विंडोज एक्सपीचं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. पण त्या मशीनला मागं जुनं प्रिंटरचं पोर्ट आहे, त्या पोर्टात एक डोंगल बसतं, आणि ते डोंगल असल्याशिवाय माझे जुने मराठी फॉण्ट उघडत नाहीत. युनिकोडच्या आधीचे फॉण्ट, मजकूर दुसरीकडं नेला की 'चि. सौ. कां.' चं 'ç®É' असलं काहीतरी होतं. वीस वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. ज्यांच्या लग्नाची पत्रिका मी केली, ते आता मुलाच्या मुंजीची करायला येतात आणि म्हणतात, 'तशीच नक्षी पाहिजे'. काकांनी त्या मशीनवर तीनदा हल्ला केला होता. तीनदा पाच मिनिटं. तिन्ही वेळा डोंगल जिंकलं होतं.

"बदल रे ते," काका सवयीनं म्हणाले. "बारा वर्षं होतील सपोर्ट जाऊन."

मी म्हटलं, "काका, आपण आत्ता ज्या देवळात बसलो होतो तिथला शिलालेख शके ९८२ चा आहे. म्हणजे १०६०. शिलाहारांनी सपोर्ट बंद करून साडेसातशे वर्षं झाली. उभंच आहे की."

काका हसले नाहीत. खिडकीतून वालधुनीकडं बघत विचार करत राहिले. उल्हासनगर आलं तेव्हा म्हणाले, "पण देवळाला कुणी इंटरनेट जोडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले, एक्सपीच्या मशीनची नेटची वायर ओढून काढली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ह्याला सोवळ्यात ठेव. बाहेरचं काही शिवू द्यायचं नाही. एकच पेनड्राइव्ह, तो फक्त ह्याचा, आधी माझ्याकडं आणून तपासायचा. पत्रिका इथं कर, तयार चित्र तेवढं बाहेर काढ." जुडग्यातला एक पेनड्राइव्ह त्यांनी काढून टेबलावर ठेवला. निळा, टोपण नसलेला. उरले तीन. लिनक्सचा एक शब्द बोलले नाहीत. जाताना त्या मशीनच्या डोक्यावर मात्र दोन बोटं टेकवली.

त्याआधी, दिवाळीत, मागच्या बराकीतल्या त्या मुलाला, तीन नंबरच्या बुटांच्या मालकाला, काकांनी कॉम्प्युटर दिला. शेटजींच्या माळ्यावर भंगारात काढलेला एक डबा पडला होता, कोअर टू ड्युओ. काकांनी तो भाऊबीजेच्या दुपारी घरात उघडला तेव्हा मी फराळाला गेलो होतो. खाली वर्तमानपत्र, स्क्रू एका वाटीत, मुलगा मांडी घालून समोर. पंखा काढला तर त्यातून गुलाबी आणि मोरपंखी धाग्यांचा मूठभर गोळा निघाला, कापडाच्या दुकानात पाच वर्षं ओढलेला. काकांनी तो चिमटीत धरून उजेडात बघितला. "हे शेवटचं चाललं त्या वर्षी मोरपंखी रंग होता बघ." मग दाढीचा ब्रश. मग रॅम. रॅमची पट्टी त्यांनी उपसून हातात घेतली आणि म्हणाले, "खोडरबर." काकू उठणार तोवर मुलानं दप्तरातून आपला काढून दिला, एका कोपऱ्याला खाल्लेला, वर बॉलपेननं क्रिकेटपटूचं नाव. रॅमच्या खालच्या सोनेरी पायांवर काळपट थर धरतो. काका तो खोडत होते, एका दिशेनं, फुंकर न मारता. "फुंकायचं नाही. थुंकी उडते." मुलानं श्वास रोखला. खोडरबराची काळी भुकटी चकलीच्या ताटाशेजारी पडत होती, काकूंनी ताट सरकवलं. रॅमचे भाव त्या दिवसांत सोन्याच्या मागं धावत होते, एआयच्या कारखान्यांनी सगळी रॅम उचलली म्हणून. त्यामुळं त्या दोन पट्ट्या काकांनी कशा दाबून बसवल्या ते बघायला हवं होतं. दोन्ही अंगठे, टक्, टक्. बटण. एक बीप.

"एकच वाजला ना? झालं. तीन वाजले असते तर रडायचं."

मराठीतला मिंट उघडला. मुलगा वाचू लागला. "फाइल. संपादन. दृश्य. काका, संपादन म्हणजे काय?"

"एडिट."

"मग एडिटच का नाही लिहिलं?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी करंजी उचलली.

त्यानंतर ते पोर काकांच्या घरचंच झालं. कधी आवाज गेला, कधी माउस अडकला, कधी 'काका, ते काळं उघडलं आणि मी काहीतरी दाबलं' म्हणून. काका त्याला टर्मिनलमध्ये आज्ञा लिहायला शिकवतात आणि तो काकांना फोनवर रील्स बंद कशा करायच्या ते शिकवतो.

परवा शाळा उघडली. सकाळी सात वाजता, पाऊस, मी जिन्यात छत्री झटकत होतो. वरून पोराचा आवाज आला. "काका, बूट होत नाहीये."

लगेच जुडगा वाजला. काका टॉवेलवर, चष्मा चढवत दारात. "बीप किती येतात? काल रात्री नीट बंद केलं होतंस ना? आधी लाइट बघ, लाइट."

पोर काहीच बोललं नाही. त्यानं एक पाय वर उचलला. पायात काळा बूट, मागच्या वर्षीचा, तीन नंबर, टाच बाहेर.

काका खाली वाकले. बोटानं टाच चाचपली, बुटाची शिवण दाबून बघितली, जीभ बाहेर ओढली, नाडी दोन भोकं सैल केली. मग उठून आत वळले आणि काकूंना कालचं वर्तमानपत्र आणि थोडं पाणी मागितलं.

"बस इथं," ते पोराला म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."